नावं संपेपर्यंत

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोला नाही, आईला नाही, आणि जिला सांगायला हवं होतं तिला तर नाहीच. तुम्हालाच का सांगतोय? तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून असेल.

सुपरहिरोंच्या सिनेमांवरून भांडणारी कॉलेजची पोरं तुम्ही पाहिली असतील. आम्ही पस्तिशी ओलांडलेले दोघं भांडायचो, तेही चाकणला जाणाऱ्या कंपनीच्या बसमध्ये. मी आणि संतोष. एकच लाइन, एकच शिफ्ट. त्याला आवडायचे ते हिरो सदा अंधारात उभे, कुणाशी धड बोलायचे नाहीत. मी म्हणायचो, त्यांना आधी कुणीतरी पोटभर जेवायला घाला. माझे हिरो रंगीत, उडणारे, मरता मरता विनोद करणारे. तो म्हणायचा, तुझ्या लोकांचे कपडे वरातीतल्या बँडवाल्यांसारखे. सगळी बस हसायची. कुणाचा हिरो जास्त माणसं वाचवतो, यावर तर आठवडा आठवडा चालायचं.

आमच्या पिंपरीतला सकाळचा पहिला शो तुम्ही कधी पाहिलाय? निम्मे लोक रात्रपाळी करून आलेले असतात. एसीत बसतात आणि पहिल्या मारामारीच्या आधीच झोपतात. वर पडद्यावर शहरं कोसळत असतात आणि खाली ओळीनं कललेल्या माना, उघडी तोंडं, चेहऱ्यांवर पडद्याचा निळा उजेड. कुणी हलत नाही. आधी मला याची गंमत वाटायची. संतोषला दाखवून हसलोय मी.

त्या दिवशी रात्रपाळी सुटल्यावर संतोष म्हणाला की छातीत जळजळतंय, अ‍ॅसिडिटी असेल, घरी जाऊन झोपतो. माझ्या आवडत्या हिरोचा नवा सिनेमा लागला होता. मी म्हणालो, हरणार म्हणून पळतोयस. आलाच मग. तसा तो मानी होता. मी वर अट घातली – नावं संपेपर्यंत उठायचं नाही. या सिनेमांत शेवटी नावांची लांबलचक यादी सरकते आणि ती संपल्यावर एक छोटासा सीन असतो, पुढच्या सिनेमाची खूण असल्यासारखा. खरा चाहता तो बघितल्याशिवाय उठत नाही. असं आम्ही मानायचो.

आणखी एक सांगतो, आणि मुद्दाम सांगतो, कारण पुढे मला ते फार सोयीचं पडलं. मारामारी रंगली की संतोष शेजारच्याचं मनगट धरायचा. लहान मुलासारखा. बसमधल्या सगळ्यांना त्याची ही सवय ठाऊक होती.

त्या दिवशी त्याने माझं मनगट धरलं तेव्हा मारामारी संपलेली होती. पडद्यावर कुणीतरी खिडकीशी नुसतं उभं होतं, संगीतही थांबलेलं. हात ओला होता त्याचा. हळू म्हणाला, "भावा, भाईर जाऊ." मला वाटलं, नाटक करतोय – म्हणजे उद्या बसमध्ये सांगता येईल की याच्या हिरोचा सिनेमा शेवटपर्यंत बघवला नाही. मी म्हणालो, "थांब की, संपतोयच आता."

इथवर मला माफी असेलही. पण त्याने पुन्हा धरलं.

आता बोलला नाही. नुसतं आवळलं – आणि मी डावीकडे बघितलं. एवढ्या एसीत त्याच्या कपाळावर घाम होता. दुसऱ्या हातानं त्याने छातीवरचा शर्ट मुठीत धरला होता. कंपनीत आम्हाला प्रथमोपचाराचं शिक्षण दिलेलं आहे. प्लॅस्टिकच्या बाहुल्याची छाती मी सगळ्यांसमोर दाबून दाखवली होती आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या होत्या. माझ्या हेल्मेटवर त्याचं हिरवं स्टिकर आहे. तेव्हा कळलं नाही असं मी म्हणूच शकत नाही. कळलं. लगेच कळलं.

आणि मी मान वळवून पुन्हा पडद्याकडे बघायला लागलो.

का? घाबरलो होतो, असं म्हणता येईल. उठलो तर हे खरं होईल, असंही वाटलं असेल. पण त्याहून लाजेची गोष्ट ही, की मला तो शेवटचा सीन बघायचा होता. एक माणूस शेजारी चाललाय आणि मनात येतंय – एवढं बघून मग उठू.

नावं सुरू झाली. अर्धे दिवे लागले. जागे होते ते उठून गेले, झोपलेले तसेच राहिले. मी ती परकी नावं एकेक करून वाचत होतो आणि माझ्या मनगटावरची बोटं एकेक करून सैल होत होती. मग तो सीन आला. एक दार उघडतं आणि आतून कुणीतरी हसतं. बस, एवढाच.

मग मी ओरडलो. माणसं धावली, दवाखान्यातही नेलं. सगळ्यांना मी सांगितलं की रात्रपाळी करून आला होता, झोपला होता, झोपेतच गेला. त्या शोला कोण याच्यावर विश्वास ठेवणार नाही? मनगट धरलेलं कुणी पाहिलं असेल तर? ती तर त्याची सवयच होती.

त्या सिनेमाचा विषय निघाला की बसमधले अजून मलाच विचारतात. शेवटच्या भागाचा तुकडा न् तुकडा मला पाठ आहे, कुठला प्रकाश कुठून येतो तेही. लोक म्हणतात, असा चाहता पाहिला नाही. डावीकडे बघायचं नव्हतं म्हणून मी पडदा इतका नीट बघितला, हे त्यांना कुठं माहीत?

मी अजूनही सकाळच्या शोला जातो. नावं सुरू झाली की डाव्या मनगटावर काहीतरी गार टेकतं, आणि हळूहळू आवळतं. भूत आहे असं माझं म्हणणं नाही. एसीचा वारा असेल. शेजारी एखादा दमलेला कामगार झोपला असेल, किंवा खुर्ची रिकामी असेल. मी अजून बघितलेलं नाही.

वहिनी – संतोषची बायको – दर वर्षश्राद्धाला मला आधी वाढतात. आलेल्यांना सांगतात, भावजी शेवटपर्यंत जवळ होते. यंदा मी निघताना दारापर्यंत आल्या. "ह्यांना तरास न्हाई ना झाला? झोपेतच गेले ना?" दर वर्षी विचारतात. मी दर वर्षी मान हलवतो. यंदाही हलवली.

तो झोपला नव्हता, वहिनी. त्याने मला दोनदा धरलं. आणि मी जागा होतो.