मापाला उभा माणूस

आमच्या घरापासून रॉक ऑफ डनमेस हा पडका किल्ला सरळ रेषेत पाच किलोमीटर चारशे मीटर आहे. रस्त्याने सहा-एक. हे अंतर मी नकाशावर तीन वेळा मोजलं, कारण २०२०च्या मे महिन्यात आयर्लंडमध्ये कुणालाही घरापासून पाच किलोमीटरच्या पलीकडे फिरायला जायची परवानगी नव्हती.

चारशे मीटर जास्त होते.

माझे वडील, अप्पा, फेब्रुवारीत तीन महिन्यांसाठी पोर्टलीशला आमच्याकडे आले. सातारा जिल्ह्यात बांधकाम खात्यात ओव्हरसियर होते. वय चौऱ्याहत्तर. विमानतळावरून घरी येताना डावीकडे त्यांना तो खडक आणि त्यावरच्या भिंती दिसल्या आणि प्रवासभर मिटलेले डोळे उघडले.

"आरं, गड हाय न्हवं ह्यो?"

"हो. जाऊ आपण."

"उद्या?"

उद्या नाही, म्हणालो. इमारतींचे फोटो काढणं हा माझा सात वर्षांचा छंद. सुट्टीत कुठेही गेलो तरी देवळं, चर्च, पूल, मनोरे. वहीत प्रत्येक फोटोची वेळ, सूर्याची दिशा आणि भिंगाचा आकडा लिहिलेला असतो. फोटोत माणूस आलेला मला चालत नाही. एका मठासमोर लाल जाकिटातली बाई हलेपर्यंत मी चाळीस मिनिटं थांबलोय. फेब्रुवारीत इथे ऊन नसतं आणि भिंत सपाट दिसते, म्हणून मी मार्चचा शेवटचा रविवार ठरवला. त्या दिवशी सकाळी साडेआठला ऊन दरवाज्यावर तिरपं पडणार होतं, तसा तक्ताही केला होता.

त्या रविवारच्या दोन दिवस आधी सगळं बंद झालं. सत्तरीच्या वरच्यांना तर घराबाहेर पाऊलही टाकायची मनाई होती. विमानंही थांबली.

अप्पांनी घर मोजायला घेतलं. खोल्या, जिना, मागचं कुंपण. कुंपणाची एक उरलेली पट्टी होती, ती तासून सहा फुटांची काठी केली आणि दर फुटाला माझ्या मुलीच्या नेलपॉलिशचा लाल पट्टा ओढला. मुलगी तेव्हा तेरा वर्षांची. मराठी सगळं समजतं, उत्तर इंग्रजीत.

"आजोबा, दॅट वॉज ब्रँड न्यू!"

"नखं कुणाला दिसत्यात आता? काठी गडावर लागंल."

माझी बायको इथल्या सरकारी इस्पितळात डॉक्टर. घरी आली की गॅरेजमध्येच कपडे बदलायची. माझं काम कार्लो गावाच्या बाजूला एका औषधाच्या कारखान्यात, वजनकाट्यांची अचूकता तपासण्याचं. ते बंद ठेवता येत नव्हतं, म्हणून मला प्रवासाची चिठ्ठी मिळाली होती. आठवड्यातून तीनदा मी त्या खडकाच्या पायथ्यावरून जायचो. जाताना तिकडे बघायचं नाही असं ठरवायचो आणि बघायचो.

मेमध्ये वृद्धांना पाच किलोमीटरच्या आत बाहेर पडायची मुभा मिळाली. त्याच दिवशी मी अप्पांना गाडीत घातलं आणि चार किलोमीटर नऊशे मीटरवर एका शेताच्या फाटकापाशी थांबलो. कुंपणाची काटेरी झाडं पांढऱ्या फुलांनी भरली होती. त्यांच्या वरून खडक दिसत होता. अप्पांनी काठी हातभर पुढे धरली, एक डोळा मिटला.

"भिंत किती उंच?"

"खडक पंचेचाळीस मीटरच्या आसपास आहे."

"टेकाडाचं न्हाई विचारलं. भिंतीचं."

"माहीत नाही."

"मग चल, बघू."

"अप्पा, हद्द इथे संपते."

त्यांनी खाली रस्त्याकडे पाहिलं, मग पुढे. "कुठं? चुना टाकलेला दिसंना."

"नकाशावर आहे."

"आणि तू परवा गेलास, तवा कुठं हुती हद्द?"

"माझ्याकडे चिठ्ठी आहे. त्यावर एकाच माणसाचं नाव आहे."

ते गाडीत बसले, काठी तिरकी करून आत घेतली आणि म्हणाले, "खात्यात असतास तर लवकर बढती मिळाली असती तुला."

रात्री जेवताना मी हे हसत सांगितलं. बायको हसली नाही. "गाडीतून उतरलेच नसते तर कुणाला काय होणार होतं?"

"नियम मीटरमध्ये आहे. गाडीतून उतरण्यात नाही."

मेच्या शेवटी विशेष विमानात जागा मिळाली आणि अप्पा गेले. काठी विमानात नेता येईना. "असू दे," म्हणाले. दहा दिवसांच्या आत मर्यादा वीस किलोमीटर झाली. मी बातमी वाचत असताना बायको मागे उभी होती.

"नियम पाळलास. छान. आता त्या नियमाचाच एक फोटो काढून पाठव त्यांना."

मी पहिल्याच शनिवारी पहाटे साडेपाचला गेलो. दोनशे चौदा फोटो काढले, वीस निवडले. उभ्या रेषा सरळ केल्या. एकाही फोटोत माणूस नव्हता. अप्पा साताऱ्यात माझ्या ताईकडे राहतात. संध्याकाळी फोन केला.

"मिळाले का?"

"मिळाले. झकास हायत. पर भिंत कळंना."

"म्हणजे?"

"गुडघ्याएवढी हाय का ताडाएवढी? मापाला माणूस कुठाय?"

खात्यात कामाचा फोटो काढायचा तर कामाशेजारी पट्टी धरून एक बेलदार उभा करायचा, अशी पद्धत होती. तसा नसला तर साहेब फोटो परत पाठवायचे. हे मी लहानपणापासून ऐकलेलं. मी म्हणालो, "मी टेपने जाडी मोजलीय, आकडे पाठवतो."

"आकडे नकोत. आकडा कुणीबी लिहितो. म्या सोता लिहिल्यात."

हे मला लागलं. मी दिवसभर दशांशाच्या चौथ्या स्थळावर भांडणारा माणूस. शिवाय हातात रंगीत काठी घेऊन कुणी उभं राहिलं की फोटो गेलाच. करू कधीतरी, म्हटलं. शरदातलं ऊन बरं असतं. ऑक्टोबरात पुन्हा पाच किलोमीटर लागू झाले आणि तेच चारशे मीटर पुन्हा मध्ये आले. डिसेंबरात काही दिवस मोकळीक होती, तेव्हा पाऊस होता आणि मी कॅमेरा भिजवायला तयार नव्हतो.

फेब्रुवारीत ताईचा फोन आला. अप्पांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, ऑपरेशन दोनदा पुढे ढकललेलं, कारण इस्पितळात जागा नाही. टॅबलेट नाकाला लावला तर थोडं दिसतं.

"तू कसला फोटो पाठवणार होतास रे? रोज विचारतात, आला का म्हणून. मी म्हणते, वीस आलेत की. तर म्हणतात, त्यातला एकबी न्हाई."

त्यानंतर मला घरात बसवेना. संध्याकाळी मी गाडी काढायचो, फाटकापर्यंत जायचो आणि परत यायचो. चार किलोमीटर नऊशे. एकदा इंजिन बंद न करता तिथे वीस मिनिटं बसलो. पुढच्या वळणावर पोलीस नव्हते, मला दिसत होतं. तरी गेलो नाही. कामावर जाताना थांबलो असतो तरी चाललं असतं, पण चिठ्ठीवर कामाचं ठिकाण लिहिलं होतं, किल्ल्याचं नाही. ताईला दर दोन दिवसांनी विचारायचो, आज किती दिसलं? ती वैतागली. "डोळा आहे तो, तुझा काटा नव्हे. आकडा कुठला सांगू?"

एप्रिलच्या मध्यावर जिल्हाभर फिरायची परवानगी मिळाली. त्या दिवशी मुलगी शाळेतून आली, तिला दप्तरासकट गाडीत बसवलं. काठी मागच्या काचेपासून पुढच्या काचेपर्यंत आडवी.

वर वारा असा की उभं राहणं कठीण. मी दरवाज्याशेजारच्या भिंतीला काठी लावली आणि बाजूला उभा राहिलो. इतक्या वर्षांत मी कॅमेऱ्याच्या पुढे पहिल्यांदाच आलो होतो. हात कुठे ठेवावा कळेना.

"बाबा, यू लुक लाइक अ लॉलीपॉप लेडी." शाळेसमोर मुलांना रस्ता ओलांडून देणाऱ्या, हातात गोल पाटीचा दांडा धरणाऱ्या बाईला इथे असं म्हणतात.

"काढ गं लवकर."

"स्माइल, सो."

"हसायचं नाही. मापाला उभा आहे मी."

ती इतकी हसली की पहिले चार फोटो हललेलेच आले. पाचवा पाठवला.

सकाळी उठलो तर अप्पांचा आवाज फोनवर रेकॉर्ड होऊन आला होता. मागे ताईच्या स्वयंपाकघरातली भांडी वाजत होती. ते सावकाश, थांबत थांबत बोलत होते. टॅबलेटवर बोटाने मोजत असणार.

"काठी एक... दोन... साडेतीन येळा. म्हंजी एकवीस फूट. तळाला दगूड मोठा, वर बारीक. मधी कुणीतरी डागडुजी केलीय, ती कच्ची हाय. दाराची कमान वेगळ्या हातची." मग टॅबलेट खाली ठेवल्याचा आवाज. "दिसलं. पर काठी वळंब्यात न्हाई तुझी. डावीकडं कललीय. आकडा फसतो त्यानं. परत काढ."

मी फोटो संगणकावर मोठा केला, उभी रेघ टाकून पाहिली. काठीचं टोक डावीकडे होतं, दीड इंच. डोळ्यांत मोतीबिंदू असलेल्या माणसाला ते दिसलं होतं आणि काटे तपासणाऱ्याला दिसलं नव्हतं.

त्या दिवशी कार्लोहून परतताना मी पहिल्यांदाच पायथ्याशी गाडी वळवली. काठी गाडीतच होती. काठी सरळ उभी आहे का ते बघायला ओळंबा नव्हता, म्हणून बुटाची नाडी काढून तिला घराच्या किल्ल्या बांधल्या आणि काठीच्या वरच्या टोकाला लटकवल्या. तिवईवर कॅमेरा लावला, दहा सेकंदांचं बटण दाबलं आणि एका सैल बुटाने धावत भिंतीपाशी गेलो.

वारा थांबत नव्हता. किल्ल्या स्थिर होईनात. कॅमेऱ्याचा दिवा लुकलुकत होता आणि मी नाडीकडे बघत काठी केसभर उजवीकडे घेतली, मग जरा मागे. खटका वाजला. मी पुन्हा कॅमेऱ्याकडे धावलो.