ताईचं स्थळ आणि माझा ढोल

त्या वर्षी आमच्या सक्करदऱ्याच्या घरात पोचा न पडलेलं एकही भांडं उरलं नव्हतं. कारण मी शाळेच्या बँडमध्ये होते.

आमच्या मुलींच्या शाळेत वाद्यं कान बघून नाही, अंगपिंड आणि स्वभाव बघून मिळायची. नाजूक मुलींना बासरी, भांडकुदळींना बिगूल, वर्गात डुलक्या घेणाऱ्यांना झांजा (निदान स्वतःच्या आवाजानं तरी जाग्या राहतील!) आणि माझ्यासारख्या दणकट पोरीला मोठा ढोल. 'ढोलवाल्या पोरी एका जागी बसत नाहीत,' असं सगळी शाळा म्हणायची. साफ खोटं! मी बसायचे. फक्त हात बसायचे नाहीत.

घरी सरावाला ढोल कुठला? म्हणून स्वयंपाकाचे गंज, पराती, डबे. आणि तालावर चालायला कुणीतरी हवं, म्हणून ताई. ताई इतकी गरीब, की मी वाजवायला लागले की अंगणात निमूट डावा-उजवा करत चालायची. मी मध्येच थांबले, तर एक पाय वर तसाच धरून उभी! शेवटचा 'धाड' ऐकल्याशिवाय पाय खाली टेकायचा नाही, हे मीच तिच्या अंगवळणी पाडलं होतं.

अशात नरखेडकडचं स्थळ आलं. घरचे संत्र्याचे बगीचे, मुलगा देखणा. ताईनं त्याचा फोटो उशीखाली दडवलेला मी पाहिला होता. याआधीची स्थळं 'मुलगी मुकी आहे का?' असं विचारून परत गेली होती, कारण पाहुण्यांसमोर ताईच्या तोंडून शब्द फुटत नसे. निदान हे तरी हातचं जाऊ नये, म्हणून आईनं मला स्वयंपाकघरात कोंबलं.

"हात मांडीखाली घालून बस. टिचकी जरी वाजली नं, तं याद राख!"

बसले. ताई पोह्यांच्या बशांचा ट्रे घेऊन निघाली. तिला जाताना पाहून मलाच धडधडायला लागलं. ती धडधड कधी बोटांत उतरली आणि समोरच्या रिकाम्या गंजावर वाजायला लागली, देवाशपथ कळलं नाही!

ताई बैठकीत शिरली ती डावा-उजवा, डावा-उजवा करत. मान ताठ, ट्रे छातीशी.

"अवं माय! हे अशी काहून चालून राहिली?" मुलाची आई म्हणाली.

आमची आई दारातून फिसकारली, "बंद कर वं!"

मी घाबरून हात उचलले. तिकडे ताईनं पाय उचलला होता, तो तसाच राहिला. मुलाच्या वडिलांसमोर, एका पायावर, ट्रे घेऊन!

"पायाले काही झालं का पोरीच्या?" वडिलांनी विचारलं.

आता तिला सोडवायचं तर शेवटचा ठोका हवाच. मी सगळा जीव एकवटून गंजावर हाणला. धाड! ताईचा पाय फरशीवर, पोहे हवेत, आणि तिथून थेट वडिलांच्या टोपीवर.

तेवढ्यात ताई, आमची मुकी ताई, स्वयंपाकघराकडे वळून ओरडली, "काहून वाजवून राहिली वं कार्टे! इथं मले हा मुलगा पसंत आहे, अन् तू सत्यानाश करून राहिली माझा!"

मुलगा कानापर्यंत लाल. आमची आई फरशीवरचे पोहे भराभर गोळा करायला लागली. मुलाच्या आईनं मात्र शांतपणे नवऱ्याची टोपी झटकली.

"आवाज हाय पोरीले! बगीच्याच्या ह्या टोकाहून हाक मारली, तं विहिरीवरच्या गड्याले ऐकू गेली पाह्यजे. आमाले अशीच पाह्यजे होती."

लग्न तिथंच ठरलं. जो तो ताईच्या आवाजाचं कौतुक करत होता. माझ्या गंजाचं नाव कुणी काढेना. निघताना मात्र मुलाच्या आईनं मला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं.

"ही धाकटी का?"

मी लाजून वेणीशी चाळा करायला लागले.

"हो," आई घाईनं म्हणाली, "तशी गुणाची आहे."

"मंग संत्र्याच्या हंगामात धाडा हिले आमच्याकडं. वानरं फार तरास देऊन राहिले."

मी गंज घेऊन गेले. वानरांच्या आधी गडी पळाले!