वाडीवरून आलेला फराळ

गेल्या दिवाळीत आमच्या सोसायटीच्या महिला मंडळाला समाजाचं देणं फेडायची हुक्की आली. हुक्कीच म्हणते मी, कारण लाडू वळायच्या आधी बॅनर छापून आला होता. रोह्याजवळच्या वरसे गावापलीकडे डोंगराच्या अंगाला आदिवासी वाडी आहे, तिथे फराळ वाटायचा ठरला. चिवड्याचे पोहे पेणहून आणायचं काम माझ्याकडे आलं, कारण माझं माहेर पेणचं. आणले. चांगले पातळ, निवडक आणले.

बैठकीत मी एवढंच म्हटलं, की फराळ डब्यांतून देऊ या. आमच्या पेणच्या घरी पापड लाटायला एक मावशी यायची. आई तिच्याकडे दिवाळीचा फराळ डब्यातूनच पाठवायची. डबा गेला की तो परत येणार, आणि परत येणारा डबा रिकामा येत नाही. मावशीकडून कधी सोललेले वाल यायचे, कधी खारातल्या मिरच्या, काहीच नसलं तर तळाशी चमचाभर साखर. आई ते आमच्या पानात वाढायची आणि मावशीकडचं आहे म्हणून सांगायची. त्याला कुणी समाजसेवा म्हणत नव्हतं.

अध्यक्षबाई हसल्या. डबे गोळा करत कोण हिंडणार, म्हणाल्या. मग मंडळाचं नाव छापलेल्या कापडी पिशव्या आल्या. मी मूग गिळून बसले.

वाडीवर बायकांना रांगेत उभं केलं. पिशवीवरचं नाव फोटोत यायला हवं, म्हणून दोघीतिघींना पिशवी फिरवून धरायला लावली. रांगेत एक ओळखीची निघाली. रोह्याच्या बाजारात ती बसते. पावसाळ्यात रानभाजी आणते, दिवाळीत कारेटी. नरक चतुर्दशीला अंगठ्याखाली फोडायचं आमचं कारेटं दर वर्षी तिच्याच टोपलीतलं. तिने पिशवी घेतली, आत बघितलं, आणि मला विचारलं, "बाई, पिशवी परत कुठं आणून देऊ?"

मी तोंड उघडायच्या आत अध्यक्षबाई म्हणाल्या, "अगं, परत नाही करायची. तुलाच राहू दे."

 तिचा चेहरा पडलेला मला दिसला. मला दिसला आणि तरी मी गप्प राहिले! तीस वर्षं शाळेत पोरांवर आवाज चढवणारी मी. कप्पाळ माझं.

भाऊबीजेच्या सकाळी वॉचमनने खाली बोलावलं. गेटपाशी ती उभी होती, पिशवीवरचं नाव दाखवत विचारत आलेली. पिशवी धुऊन आणलेली, आणि आत मिठात उकडलेले करांदे, पिशवी फुगेपर्यंत. हे कंद जमिनीतून खणून काढायचे, त्यांची माती काढायची, मग उकडायचे. सकाळभर राबल्याशिवाय एवढे होत नाहीत. वाडीतल्या सगळ्या बायकांनी मिळून केलेत, म्हणाली. "समद्यांना वाटा, बाई. आमच्याकडचा फराळ हाय."

एवढ्यात अध्यक्षबाईही खाली आल्या. गोड हसल्या. तिच्या हातात पिशवी धरायला लावून शेजारी उभ्या राहिल्या आणि वॉचमनकडून फोटो काढून घेतला. ती खूश होऊन गेली. ती वळणावरून दिसेनाशी झाली, तशा अध्यक्षबाईंनी दोन बोटांनी पिशवी उचलून वॉचमनकडे दिली. असलं कुठलं कुठलं कोण खाणार, बाहेर कचरागाडी येईल तेव्हा टाकून दे, म्हणाल्या.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. पिशवी मी वॉचमनच्या हातून काढून घेतली. त्यांचे लाडू वाडीने खायचे, पोटभर खायचे, वर फोटोही द्यायचा, आणि वाडीचा एक करांदा यांच्या घशाखाली उतरत नाही! हे मी त्यांना तोंडावर म्हटलं. त्या म्हणाल्या, तुम्ही उगाच भावनेच्या भरात बोलताय. मी मग दारोदार हिंडले. एकीचा उपास निघाला, एकीच्या सुनेला पथ्य. बाकीच्यांनी दारातूनच नको म्हटलं. दुपारी तोच फोटो मंडळाच्या ग्रुपवर आला. वर लिहिलं होतं, वाडीतल्या भगिनी आभार मानायला आल्या. मी खाली लिहिलं, आभार मानायला नाही, फराळ द्यायला आली होती. आपण घेतला नाही.  त्याखाली आणखी चार दिवाळीच्या शुभेच्छा तेवढ्या येऊन पडल्या.

करांदे मी आणि ह्यांनी तीन दिवस खाल्ले. जरा कडसर होते, पण मीठ बरोबर मुरलं होतं.

पुढच्या आठवड्यात बाजारात ती दिसली. मी भाजी निवडत होते. जरा वाकून तिने हळूच विचारलं, "समद्यांनी खाल्ले का, बाई?"

खोटं बोलू नका, असं सांगण्यात माझा जन्म गेला. काय सांगणार होते मी तिला?

"व्हय," म्हटलं, "समद्यांनी."

तिचा चेहरा उजळला. पुढल्या दिवाळीला दोन पिशव्या भरून आणते, म्हणाली.