हवा तपासणारा स्रोका

श्री. लोंगिन स्रोका यांस,

तुम्ही समुद्राकाठच्या त्या वृद्धाश्रमात गेलात त्याला चार महिने झाले. तुमच्या जागी आलेला माणूस हुशार आहे. भिंतीतल्या जाळीपुढे यंत्र धरतो, आकडा वाचतो, सही घेतो आणि सात मिनिटांत बाहेर. चहा विचारला तर म्हणाला, "आजी, अजून बावीस घरं बाकी आहेत." तिकडे जेवण कसं आहे ते विचारत नाही, वृद्धाश्रमातलं जेवण कसं असतं ते न विचारताही कळतं. खोलीची खिडकी उघडू देतात का, तेवढं कळवा. आणि एक गोष्ट मला तुम्हाला सांगायची आहे, ती अशी की

इथवर लिहून कोर्नेलिया विल्क थांबली. पुढचं वाक्य तिला तोंडपाठ होतं, पण ते हातून उतरेना. एकतीस वर्षं मुलांना रसायनशास्त्र शिकवलेली बाई. आपली चूक एका ओळीत लिहिता येऊ नये, याचा तिला स्वतःचाच संताप आला.

पाबियानित्से या गावातल्या आमच्या पाचमजली इमारतींत धुरांडी साफ करणारा मिस्त्री वर्षातून एकदा प्रत्येक घरात येतो. स्वयंपाकघरात आणि न्हाणीघरात छताजवळ एक जाळी असते, तिच्यातून घरातली कोंदट हवा वर निघून जाते. न्हाणीघरात गॅसचा गीझर असला की ही जाळी म्हणजे घरच्यांचा जीव. ती तुंबली तर जळलेल्या गॅसचा विषारी वायू आतच राहतो, आणि त्याला ना रंग ना वास. हे सगळ्यांना माहीत असतं, आणि थंडी पडली की सगळे जाळी बुजवतात. कुणी वर्तमानपत्र चिकटवतं, कुणी जुना पायमोजा कोंबतं. आमच्याकडची माणसं दोन युद्धांना भ्यायली नसतील इतकी वाऱ्याच्या झोताला भितात. मान आखडली, झोत लागला. दाढ ठणकली, झोत लागला. नवरा बाहेरख्याली निघाला तरी एखादी म्हणेल, लग्नात दोन्ही दारं उघडी होती ना.

जिन्यात तपासणीची नोटीस लागली की आदल्या दिवशी घरोघरी स्टुलं निघायची आणि जाळ्या मोकळ्या व्हायच्या. मग स्रोका यायचा. टिश्यू कागदाची पट्टी जाळीपुढे धरायचा. पट्टी जाळीला चिकटली म्हणजे हवा ओढली जातेय. सगळ्यांकडे चिकटायची. भोवतालच्या भिंतीवर चिकटपट्टी ओरबाडल्याच्या ताज्या खुणाही दिसायच्या, पण त्याबद्दल ना तो बोलायचा ना घरचे. सत्तावीस वर्षं त्याने ही घरं पाहिली ती अशी, त्याच्यासाठी सजवलेल्या एकाच दिवशी.

काळ्या पोशाखातला धुरांडेवाला दिसणं म्हणजे शुभशकुन. तो दिसला की लोक आपल्या कोटाचं बटण चिमटीत धरायचे आणि पुढे चालू लागायचे. हात कुणी मिळवत नसे, काजळी लागेल म्हणून. स्रोकाची बायको आठ वर्षं राहिली, मग उशीवरच्या काळ्या डागांना कंटाळून श्चेत्सिनला बहिणीकडे गेली ती गेलीच. मूलबाळ नव्हतं. नाताळच्या आदल्या संध्याकाळी आमच्याकडे अवचित पाहुण्यासाठी टेबलावर एक ताट जास्तीचं मांडतात. इमारतीत चाळीस घरं, चाळीस रिकामी ताटं, आणि तळमजल्यावर एकटा स्रोका रेडिओ लावून बसलेला. यात कुणालाच काही वावगं दिसलं नाही. कोर्नेलियालाही नाही. तिच्या टेबलावर दोनच ताटं असायची, त्यातलं एक तिचं.

तिची त्याची ओळख झाली ती भांडणातून. पहिल्याच वर्षी त्याने वर पाहिलं तर हिच्या जाळीत लोकरीची टोपी तशीच कोंबलेली.

"बाई, नोटीस वाचली नाहीत?"

"वाचली. वर्षभर बंद ठेवायची आणि तुमच्यापुरती उघडायची, असलं नाटक मला जमत नाही."

"शाळेत काय शिकवता तुम्ही?"

"रसायनशास्त्र."

स्रोका स्टुलावर बसलाच. "मग मी काय सांगू कपाळ? तुम्हीच मला शिकवा, टोपी घातलेली जाळी श्वास कशी घेते ते."

टोपी तिने स्वतः चढून काढली आणि पुन्हा कधी कोंबली नाही. तेव्हापासून तो महिन्यातून एकदा, काही कारण नसताना, "पट्टी धरून जातो" म्हणत यायचा. पट्टी चिकटायची. मग चहा, सफरचंदाचा केक, आणि फारसं न बोलता तासभर बसणं. दोघांच्याही महिन्यात तेवढाच एक तास दुसऱ्या माणसाबरोबर जायचा.

मग सोसायटीने प्लॅस्टिकच्या खिडक्या बसवायचं काढलं. जुन्या लाकडी खिडक्यांच्या फटींतून वारा यायचा, आणि नव्या अशा घट्ट की खालची ट्रामसुद्धा ऐकू येऊ नये. लोक खूश. स्रोकाची झोप उडाली.

"हवा बाहेर जायची तर आधी आत यायला नको का?" तो म्हणाला. "रिकाम्या बाटलीला तोंड लावून हवा ओढा, किती येते बघा. घरं अशी बंद केली की धुरांडं उलटं वाहणार आणि गीझरचा वायू घरात येणार. वरच्या चौकटीत बोटभर फट ठेवा, झडपेची. बाकी माझं काही म्हणणं नाही."

"मग सोसायटीत सांगा ना, मला काय सांगता?"

"सांगितलं. अध्यक्ष म्हणाले, मिस्त्री, आम्ही नव्या खिडक्या आणायच्या आणि तुम्ही त्यांना भोकं पाडायची? पहिल्या मजल्यावरच्या गाव्लिकबाई म्हणाल्या, याचा काजळी खाऊन जन्म गेला, आता वारा खायचाय. सगळे हसले."

"आणि तुम्ही?"

"मीही हसलो."

पुढच्या सोमवारी तो धुतलेला शर्ट घालून आला. हातात रेघी कागदाची दोन पानं. मोठ्या, जपून काढलेल्या अक्षरात सगळं लिहिलं होतं, शेजारी घराचं चित्र, हवा कुठून येते कुठून जाते ते दाखवणारे बाण, खाली तारीख आणि सही.

"गुरुवारी शेवटची सभा आहे. मी उभा राहिलो की लोकांना बटणं आठवतात. तुम्ही वाचा, बाई. निम्मी इमारत तुमच्या हाताखालून गेलीय."

"द्या इकडे. चुका सुधारते आणि वाचते."

"वाचून झाल्यावर अध्यक्षांच्या हातात द्या. इतिवृत्तात यायला हवं."

"देते हो. किती वेळा सांगाल?"

इतक्या वर्षांत त्याने तिच्याकडे चहासुद्धा मागितला नव्हता, ती देईल तो घ्यायचा. ही पहिली मागणी.

गुरुवारी ती निळा कोट घालून, कागद घेऊन निघाली. दुसऱ्या मजल्याशी पोचली तेव्हा खालच्या वळणावर गाव्लिकबाई कुणाला तरी सांगत होत्या, "विल्कबाईंकडे दर महिन्याला जातो म्हणे हवा तपासायला. या वयात कसली हवा लागलीय दोघांना, देव जाणे." मग दोघी खुदखुदल्या.

चाळीस पोरांचा वर्ग नुसत्या नजरेने गप्प करणारी ही बाई. ती वळली, वर आली, दाराला कडी घातली आणि कोटासकट खुर्चीत बसून राहिली. खाली खिडक्या एकमताने मंजूर झाल्या, फटींशिवाय.

दुसऱ्या दिवशी तो आला.

"सर्दी झाली होती," ती म्हणाली.

तो तिच्या कोरड्या नाकाकडे क्षणभर बघत राहिला. "झोत लागला असेल," म्हणाला. चहा नको म्हणाला. पुढच्या महिन्यात आला नाही, त्याच्या पुढच्याही नाही. वार्षिक तपासणीला आला, पट्टी धरली, सही घेतली, गेला.

नव्या खिडक्या बसल्या, आणि जानेवारीत गाव्लिकबाई न्हाणीघरात गीझरच्या वायूने कोसळल्या. मुलगी वेळेवर घरी आली म्हणून वाचल्या. तीन आठवडे दवाखान्यात होत्या. त्या दिवशी स्रोका पाचही मजले चढत प्रत्येक घरात शिरून खिडक्या उघडत सुटला, आणि लोक त्याच्यामागे ओरडत होते, "अहो मिस्त्री, पोरं आजारी पडतील." कोर्नेलियाची खिडकी उघडीच होती. त्याने दारातून पाहिलं, मान हलवली आणि खाली उतरला. वसंतात फुफ्फुसांनी त्याला जिना चढू देणं बंद केलं. एक सुटकेस घेऊन तो गेला तेव्हा सोडायला टॅक्सीवाल्याखेरीज कुणी नव्हतं. ती वरून बघत होती. तेवढे जिने तिने उतरायला हवे होते.

गाव्लिकबाईंच्या प्रकारानंतर सोसायटीने कुणाचाही कागद घेतला असता. पण स्रोकाच्या कागदावर त्याच्या हातची तारीख आहे, आणि तारीख पाहिली की कुणीतरी विचारणारच, इतके दिवस हा कागद होता कुठे. ती दोन पानं, चुका सुधारलेली, तिच्या कपाटात चादरींखाली आहेत. सोसायटीचं कार्यालय समोरच्याच इमारतीत, रोज तीनपर्यंत उघडं असतं. ती अजून गेलेली नाही.