हेल्मेटला लावलेली तीट

रग्बीसाठी जीव टाकणाऱ्या न्यूझीलंडमध्ये माझी मुलगी हेल्मेट घालून अमेरिकन फुटबॉल खेळते. (कोल्हापुरात राहून तांबडा रस्सा नको म्हणण्यासारखंच हे!) ख्राइस्टचर्चमधल्या तिच्या कॉलेजच्या मुलींचा संघ आजवर इमानेइतबारे हरत आला होता. यंदा मिहिका कॅप्टन झाली आणि पोरी जिंकतच सुटल्या. थेट फायनलला!

फायनलसाठी अख्ख्या संघाला खास आठवणीचं हेल्मेट करायचं ठरलं. डिझाइन कोण करणार, असं कोचने विचारताच माझा हात वर. मी सिव्हिल इंजिनिअर; ऑफिसात गटारांची ड्रॉइंग काढतो. पण कॅप्टनचा बाप म्हणून छाती अशी फुगली होती की गटार काय नि पक्षी काय, रेघ ती रेघच! महिनाभर खपून मी एका कोऱ्या हेल्मेटवर झेपावणारा किआ, म्हणजे इथला डोंगरी पोपट, रंगवला.

"डॅड, इज दॅट अ चिकन?" मिहिकाने विचारलं.

"किआ आहे तो!"

"ओह. नो, इट्स हीप्स गुड," ती घाईघाईने म्हणाली. (हीप्स म्हणजे इथल्या बोलीत 'खूप'.)

साताऱ्याला आईला व्हिडिओ कॉलवर हेल्मेट दाखवलं.

"अगं बाई, काय देखणं झालंय! आधी तीट लाव त्याला. आईबापाचीच दृष्ट पहिली लागते."

"आई, हेल्मेटला कोण तीट लावतं?"

"पोर त्यातच डोकं घालणार ना? मग!"

मी असलं काही मानत नाही. पण पोरी पहिल्यांदाच फायनलला चाललेल्या, उगाच रिस्क कशाला? काजळ सापडेना, म्हणून काळा मार्कर घेतला आणि बाळाला लावतात तशी कानामागे तीट टेकवली. (हेल्मेटला कानाची भोकं असतात, त्यामुळे जागा शोधावी लागली नाही.)

ती वाळते न वाळते तोच माझ्या बायकोने ते हेल्मेट नमुना म्हणून छपाईवाल्याकडे पोचतं केलं. माणूस भलताच प्रामाणिक. त्याने अख्ख्या संघाच्या हेल्मेटांवर चित्र जसंच्या तसं उतरवलं. तिटेसकट!

फायनलच्या सकाळी मैदानावर खोकी उघडली आणि मिहिकाचा चेहरा पडला.

"डॅड, दे ऑल हॅव अ ब्लॉब! इट्स अवर फर्स्ट एव्हर फायनल!"

तिचे डोळे भरून आले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी धावत कोचकडे गेलो. "सॉरी, दॅट इज फॉर बॅड आय."

"बॅड आय? हू हॅज अ बॅड आय?" कोच किंचाळला. लगेच फिजिओबाई टॉर्च घेऊन एकेकीचे डोळे तपासायला लागल्या!

शेवटी आजीची तीट आठवून मिहिकानेच मला बाजूला सारलं. डोळे पुसून ती संघाला म्हणाली, "गाइज, इट्स कॉल्ड तीट. माय आजी पुट्स इट ऑन पीपल शी थिंक्स आर टू गुड."

मग संघातली सगळ्यात धिप्पाड पोरगी माझ्यासमोर आली आणि तिने गाल पुढे केला. "मी टू, प्लीज."

तिच्यामागे रांगच लागली! खिशातला मार्कर काढून मी एकेकीला तीट लावत सुटलो. शेवटी मिहिका आली. इतका अभिमान मला तिच्या जन्माच्या दिवशीसुद्धा वाटला नव्हता. मार्कर असा दाबून टेकवला की तिची तीट गालभर पसरली.

पोरी जिंकल्या! (मार्कर पक्का होता. पुढचा आठवडाभर विजयी संघ गालावर डाग घेऊन लेक्चरला बसत होता.)

आता त्यातलं एक हेल्मेट कॉलेजच्या काचेच्या कपाटात आहे. तीट नीट दिसावी म्हणून ते असं फिरवून ठेवलंय की किआची चोच भिंतीकडे गेलीय. खाली पाटी आहे: 'हा ठिपका मिहिकाच्या बाबांनी काढला.' इतकी वर्षं ड्रॉइंग काढून माझं जे एकमेव काम काचेआड गेलं, त्यासाठी मला मार्कर फक्त एकदा टेकवावा लागला!