गावाची नोंद आधी, घरची मागून

माझ्या मुलीला नर्सिंगच्या कॉलेजात जागा मिळाली होती. महिनाअखेरपर्यंत जात पडताळणीचं प्रमाणपत्र दिलं नाही, तर ती जागा दुसऱ्या कोणाला जाणार होती. वाशीमच्या पडताळणी समितीकडे अर्ज करायचा, तर त्याला पन्नास सालाच्या आधीचा, जात लिहिलेला कागद जोडावा लागतो. आमच्याकडे तसा एकच कागद निघण्याची आशा होती. कोतवाल बुकात, म्हणजे गावच्या जन्ममृत्यूच्या जुन्या वहीत, माझ्या सासऱ्यांच्या जन्माची नोंद.

ही जुनी बाडं ज्या कचेरीत आहेत तिचं नाव मी लिहीत नाही. पुढच्या कामालाही तिथेच जायचं आहे. तिथल्या भिंतीवर एक मोठा फलक आहे. कोणतं काम, किती दिवसांत, कोणाकडे, सगळं सुबक अक्षरात रंगवलेलं. फक्त त्याच्यापुढे लोखंडी कपाट उभं केलंय, त्यामुळे भिंतीला गाल टेकवून वाचावं लागतं. मी अंगणवाडी सेविका आहे. एका लेकराचं वजन लिहायचं राहिलं तर मला नोटीस येते. इथे लोकांसाठी लिहिलेली माहितीच लोकांपासून लपवली, त्याची नोटीस कोणाला येते?

तीन खेपा झाल्या. दर वेळी एकच उत्तर, “पाहून राह्यलो.” चौथ्या खेपेला सासरे म्हणाले, मीही येतो. सोयाबीन सोंगणीला आलेलं, ते तसंच टाकून आम्ही एसटीने निघालो.

कचेरीतल्या बाबूने आम्हाला अर्धा तास उभं ठेवलं आणि मग सांगितलं, “बाबा, तुमी पोळ्याच्या दिवशी झालते म्हनता. तो पुरा महिना पाह्यला. तुमची नोंदच नाई. दुसरा काही जुना कागद नाई का? वतनाचा गितनाचा?”

“होता,” सासरे म्हणाले. “छप्पन साली दीक्षा घेतली तवा बापानं घरातले देव अन् तो कागद एकाच टोपल्यात भरले अन् नदीत सोडून देल्ले. म्हने, चाकरीचा कागद आता घरात नाई पायजे.”

बाबू हसला. “मंग आता नदीलेच मांगा दाखला.”

माझ्या अंगाची लाही लाही झाली. ज्या माणसाने जन्मभर गावाची वेठ केली आणि एका दिवसात ती नदीत सोडून दिली, त्याच्यावर हा पंख्याखाली बसून हसत होता. मी म्हटलं, “अर्जदाराले वही समोर बसून पाहता येते. तुमच्या कपाटामागं लिवलं हाय.”

“कुठं लिवलं हाय?”

“या इकडं, दाखवते.”

तो खरंच उठला आणि गाल टेकवून त्याने तो फलक वाचला. बहुतेक पहिल्यांदाच. मग बाड आणून माझ्यापुढे ठेवलं.

मी पोळ्याचा महिना ओळ न् ओळ पाहिला. नोंद नव्हती. मी पुन्हा वरून वाचायला घेतलं. तेव्हा सासरे शेजारी वाकून म्हणाले, “बाई, पुढचं पान पाय. गावात कोन जल्मलं, कोन मेलं, हे ठान्यात सांगाले माहा बापच जाये. आधी गावाचं सांगे, मंग आपल्या घरचं. ठान्यातला मुन्शी जेवाले उठला का आपलं राहून जाये, मंग पुढच्या खेपेले लिवे.”

मी पान उलटलं. दुसऱ्या महिन्याचं. सगळ्यात खाली, समासाला चिकटून, सासऱ्यांच्या वडिलांचं नाव होतं. पुढे ‘मुलगा’ आणि त्याच्यापुढे जात. अख्ख्या गावाचा जन्म ज्याच्या पायांनी ठाण्यात पोचला, त्याच्या स्वतःच्या मुलाला शेवटची ओळ मिळाली होती. आणि ती शेवटची ओळ पाहायलाही तीन खेपांत कोणी पान उलटलं नव्हतं.

“आता सात दिवसानं या नक्कल घ्याले,” बाबू म्हणाला.

मी पहिल्या खेपेला दिलेल्या अर्जाची पोच पिशवीतून काढून त्याच्या टेबलावर ठेवली. तिच्यावरचे सात दिवस केव्हाच उलटून गेले होते. “आमी इथंच बसतो,” मी म्हटलं, आणि खुर्ची कोणी दिली नाही म्हणून जमिनीवर बसले.

तासाभराने त्याने लिहायला घेतलं. सासरे टेबलाशी उभे राहून पाहत होते. जातीच्या रकान्यात तो शब्द उतरला, तसे ते म्हणाले, “हे पुसाले माह्या बापानं जिंदगी घातली. अन् नातीले शिकाले हेच लागते.”

बाबूने शिक्का मारला. मी शिक्का नीट उठला का ते पाहिलं आणि कागद पिशवीत ठेवला.