आबांची गाडी बंद होती ती वर्षं

आबा, म्हणजे माझ्या वडिलांचे वडील, गेले तेव्हा त्यांच्यामागं शेत, दोन म्हशी आणि एक पांढरी ॲम्बॅसिडर राहिली. शेत वडील पाहतच होते, म्हशी आईच्या होत्या. गाडी मात्र माझ्या नावावर करा, असं आबांनी शेवटच्या आजारपणात सगळ्यांसमोर सांगून ठेवलं होतं. ते ऐकून माझा भाऊ हसला होता. अकरा वर्षं जागची हलली नव्हती ती गाडी. कुणाच्याही नावावर केली तरी काय फरक पडणार होता?

मी धाराशिवात राहते, जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. आमचं गाव बेंबळी. आबांनी ही गाडी उमेदीच्या काळात सरकारी लिलावात घेतली आणि भाड्यानं चालवली. लग्नातली नवरी असो की सोलापूरच्या दवाखान्यात न्यायचा पेशंट, आसपासच्या गावांतून आबांनाच बोलावणं यायचं. मला गाडी शिकवली तीही त्यांनीच. मी अठरा वर्षांची झाले त्या साली, सोयाबीन निघाल्यावर मोकळ्या झालेल्या रानात त्यांनी मला स्टिअरिंगवर बसवलं. घरात कुणाला हे पसंत नव्हतं. आबा शेजारी बसून शांतपणे सांगायचे, "क्लच हळू सोड. तुला निघायचंय हे गाडीला आधी कळू दी." पुढं मी नोकरीला लागले, एकटीनं परगावी राहिले, पुष्कळ गोष्टी कुणाला न विचारता केल्या. त्याची सुरुवात त्या रानात झाली असं मला आजही वाटतं.

आबांचं वर्षश्राद्ध झालं त्या दुपारी मी पत्र्याच्या शेडमध्ये जाऊन गाडी नीट पाहिली. चारी टायर जमिनीला टेकले होते. मागच्या सीटचा काथ्या बाहेर आला होता आणि त्यात कोंबडीनं अंडी घातली होती. वायरी उंदरांनी कुरतडलेल्या. पायाखालचा पत्रा सडून खालची माती दिसत होती. पण वर्षभराची धूळ पुसली तर बॉनेट मात्र चकचकीत होतं. आबा असेपर्यंत दर आठवड्याला ते फडक्यानं पुसायचे. डोळ्यांना दिसेनासं झाल्यावरसुद्धा ते हातानं चाचपत पुसायचे, हे मी पाहिलं होतं. मी अंडी उचलून आईला दिली आणि म्हणाले, "ही गाडी मी चालू करणार आहे."

आई म्हणाली, "तुझ्या वडलांना इचार आधी." वडिलांना आम्ही अण्णा म्हणतो. अण्णा म्हणाले, "तुझी गाडी हाय, तुला वाटंल ते कर," आणि रानात निघून गेले.

गावात एसटी स्टँडच्या पुढं एका मिस्त्रीचं गॅरेज होतं. आबांच्या गाडीला त्यांच्याशिवाय दुसऱ्या कुणाचा हात लागला नव्हता. आम्ही लहानपणापासून त्यांना चाचा म्हणायचो. आता ते थकले होते, हात थरथरायचे, गॅरेज बंद करून त्यांना बरीच वर्षं झाली होती. मी त्यांच्याकडं गेले. त्यांनी चहा दिला, घरच्यांची चौकशी केली आणि गाडीचं नाव काढताच मान हलवली.

"न्हाय बेटा. त्या गाडीला म्या हात लावणार न्हाय."

"का, चाचा?"

"हात चालत न्हाईत आता."

मी पुढच्या रविवारी पुन्हा गेले. पुन्हा तेच उत्तर. मला वाटलं, खरंच वयाचं कारण असेल, आणि धाराशिवातल्या एखाद्या गॅरेजवाल्याला विचारायचं ठरवलं. पण तिसऱ्या रविवारी मी शेड झाडत असताना चाचा स्वतःच काठी टेकत आले. गाडीभोवती एक चक्कर मारली, बॉनेटवर हात ठेवून थोडा वेळ उभे राहिले आणि म्हणाले, "म्या बसून सांगंन. पाना तू धरायचास. जमंल?"

मी जमेल म्हणाले, पण मला पान्यांचे नंबरसुद्धा माहीत नव्हते.

मग वर्षभर माझे रविवार बेंबळीत गेले. सकाळच्या एसटीनं यायचं, आईची भाकरी खाऊन शेडमध्ये शिरायचं. चाचा जुन्या टायरवर पोतं टाकून बसायचे. इंजिन आतून गंजून धरलं होतं. प्लग काढून आत डिझेल ओतलं आणि दोन रविवार तसंच ठेवलं. तिसऱ्या रविवारी पुढून हँडल लावून फिरवायला घेतलं, तर ते दगडासारखं घट्ट. चाचा म्हणाले, "जोर नको लावू. नुसतं हलवत ऱ्हा, झोपलेल्या माणसाला उठवतो तसं." दुपारपर्यंत मी हलवत राहिले. शेवटी हँडल बोटभर सरकलं, मग वीतभर, मग अख्खा फेरा. मी तिथंच मातीत बसले. हाताला फोड आले होते आणि मी हसत होते. चाचाही हसले.

सडलेला पत्रा कापून नवा बसवायला धाराशिवचा वेल्डर आला. वायरिंग चाचांनी एकेक रंग सांगत माझ्याकडून करून घेतलं. कार्बोरेटर खोलून रॉकेलमध्ये धुतला. त्यातला एक बारीक स्क्रू मातीत पडला आणि तो शोधायला आम्हाला अख्खी सकाळ लागली. दरम्यान आरटीओत खेटे घालून मी कागदपत्रांचं काम मार्गी लावलं. सोमवारी वर्गात मुलं माझी काळी नखं बघायची. मला त्याची लाज वाटली नाही. खरं तर बरंच वाटायचं.

अण्णा मात्र शेडकडं फिरकायचे नाहीत. रविवारी मी आले की त्यांना रानातलं काहीतरी काम आठवायचंच. माझा हा खटाटोप त्यांना आवडत नसावा, असं मी समजून चालले.

इंजिन चालू करून पाहायची वेळ आली तेव्हा फक्त डेल्को राहिला होता. प्रत्येक प्लगला वीज वाटून देणारं ते यंत्र. मी टोपण काढून आत पाहिलं तर मधोमध फिरणारा रोटर जागेवर नव्हता. अंगठ्याएवढा तो भाग, पण त्याच्याशिवाय गाडी चालू होणं शक्य नाही. मी म्हणाले, "चाचा, इथं रोटरच नाही. हा कुठं मिळेल आता?"

चाचांनी सदऱ्याच्या खिशातून एक कागदाची पुडी काढली. पुडीत रोटर होता, जुना, पण पुसून ठेवलेला.

"ह्याच गाडीचा हाय," ते म्हणाले. "म्याच काढून ठिवला हुता."

मला काही कळेना. मग ते सावकाश, मध्ये थांबत सांगायला लागले.

आबांना काचबिंदू झाला होता. नजर बाजूनं हळूहळू मिटत चालली होती आणि डॉक्टरांनी गाडी चालवू नका म्हणून सांगितलं होतं. आबा ऐकत नव्हते. एका संध्याकाळी धाराशिवहून येताना रस्त्याच्या कडेला उसाची ट्रॉली उभी होती, ती त्यांना दिसलीच नाही. शेजारी माझी आई होती. ती ओरडली म्हणून ब्रेक लागला आणि गाडी ट्रॉलीपासून हातभर अंतरावर थांबली. त्या दिवशी अण्णांनी चाव्या मागितल्या. आबा संतापले, दोन दिवस जेवले नाहीत. तेव्हा अण्णा चाचांकडं गेले. गाडी बंद पाडा म्हणाले, अशी की आबांना वाटलं पाहिजे तिचंच वय झालं.

"म्या रोटर काढला," चाचा म्हणाले. "आबांनी बोलावलं तवा सांगितलं, डेल्को गेलाय, ह्याचा माल आता येत न्हाय. तीस वरीस त्या माणसानं माझ्यावर भरवसा ठिवला, आन म्या तोंडावर खोटं बोललो. म्हणून तुला न्हाय म्हणत हुतो."

"आबांना कधीच कळलं नाही?"

"कळलं की. वर्षभरानं ते डेल्कोचं टोपण हातात घिऊन माझ्याकडं आले. टोपण ओट्यावर ठिवलं आन म्हणले, मिस्त्री, आतला रोटर आमच्या घरच्याच उंदरानं नेला वाटतं. माझी मान वर होईना. मग म्हणले, उंदरानं जपून ठिवला असंल तर ऱ्हाऊ द्या त्याच्याकडंच. चहा प्याले, टोपण घेतलं आन गेले. पुन्हा कधी विषय काढला न्हाय."

"अण्णांना हे सांगितलं तुम्ही?"

"न्हाय. बापलेक एका ताटाला बसत हुते, बोलत हुते. म्या मधी पडून कशाला पाणी ढवळू?"

त्या दिवशी आम्ही रोटर बसवला नाही. अण्णा रानातून येईपर्यंत मी ओसरीवर बसून राहिले. ते हातपाय धुऊन टेकले तेव्हा मी म्हणाले, "अण्णा, रोटर मिळाला."

त्यांनी माझ्याकडं पाहिलं नाही. "मिस्त्रीनं सांगितलं?"

"व्हय."

"म्याच करायला लावलं त्यास्नी," अण्णा म्हणाले. "दुसरं काय करणार हुतो? पण आबा गाडी पुसाय लागले की मला तिथं थांबवत न्हवतं. रोज वाटायचं, आज सांगावं. अकरा वरीस सांगता आलं न्हाय, आन मग आबाच न्हाय ऱ्हायले."

मी त्यांना उंदराची गोष्ट सांगितली, चाचांनी सांगितली तशीच, एक शब्द इकडचा तिकडं न करता. अण्णा ऐकत राहिले. मग त्यांनी उपरण्यानं तोंड पुसलं. आईनं चहा आणून ठेवला, तो निवला. शेवटी ते इतकंच म्हणाले, "उंदीर म्हणले व्हय मला," आणि त्यांना हसू आलं. डोळे ओलेच होते.

पुढच्या रविवारी मी एसटीतून उतरून घरी पोचले तर अण्णा आधीच शेडमध्ये होते. टायरमध्ये हवा भरून झाली होती आणि ते चाचांना विचारत होते की पाणी किती घालायचं. रोटर अण्णांनी बसवला. मी किल्ली फिरवली. पहिल्या दोन वेळेला इंजिन नुसतं खोकलं. तिसऱ्या वेळेला लागलं. शेडभर निळसर धूर झाला, कोंबड्या ओरडत पळाल्या, आई पदर नाकाला लावून दारात उभी राहिली. चाचांनी डोळे मिटून कान दिला आणि म्हणाले, "इंजिनात एक टपेट वाजतंय. बाकी ठीक."

ब्रेकचं काम आणखी महिनाभर चाललं. ते झाल्यावर एका सकाळी आम्ही तिघं गाडी घेऊन निघालो. आई नको म्हणाली, ट्रॉलीची ती संध्याकाळ तिच्या अजून अंगातून गेली नव्हती. मी चालवत होते, अण्णा शेजारी, चाचा मागच्या नव्या सीटवर. बेंबळीच्या बाहेर चढावर गाडी तापली तेव्हा बाभळीखाली थांबलो. अण्णांनी एका शेतातून घागरभर पाणी आणलं. इंजिन निवेपर्यंत ते आबांबद्दल बोलत होते, आधी कधी बोलले नव्हते असं. लहानपणी आबा त्यांना मुद्दाम गाडीत घेऊन जायचे, पेशंट दवाखान्यात पोचवल्यावर दोघं हॉटेलात भजी खायचे, आणि घरी सांगू नको म्हणायचे.

मला मिळालेली गाडी मी नीट केली, असं लोक म्हणतात. पण त्या वर्षानं मला काय काय दिलं ते मलाच ठाऊक. माझं अख्खं घर इतकी वर्षं एकमेकांना न दुखावण्यासाठी गप्प होतं, हे मला कळलं. आबांना सगळं ठाऊक होतं आणि तरी ते मुलाच्या ताटाला ताट लावून जेवत राहिले, तेही कळलं. आबांनी गाडी मलाच का दिली, ते त्यांनी सांगितलं नाही. दिली हेच पुष्कळ झालं.

परत येताना मी अण्णांना स्टिअरिंग दिलं. ते बैलगाडीच्या वेगानं चालवत होते. गावात शिरताना मागं वळून पाहिलं तर चाचा काठी पोटाशी धरून, तोंड उघडं टाकून गाढ झोपले होते. त्यांचं घर आलं. अण्णांनी माझ्याकडं पाहिलं, मी मान हलवली. गाडी न थांबवता आम्ही पुढं गेलो आणि गावाला आणखी एक वळसा घातला.